घर की किल्ला? जुन्या कोस्टगार्ड स्टेशनमधल्या घरांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही दोघं आयर्लंडमध्ये कॉर्कला नोकरीला आहोत. इथे समुद्रावर एका जुन्या कोस्टगार्ड स्टेशनची घरं केलीयेत, त्यातलं मधलं घर विकायला आलंय. जागा खूप आवडली, पण भिंती दोन फूट जाड, कोपऱ्यात चक्क बुरूज आणि त्यात उभ्या चिंचोळ्या फटी! एजंट म्हणतो की हे प्लॅन खरं तर इंडियासाठी होते, चुकून इथे बांधले गेले. खरंय का? शिवाय समुद्राकडच्या भिंतीला ओल आहे, मिस्त्री म्हणतो सिमेंट मारून टाका आणि समोर मोठी काच बसवा. काय करू?

उत्तर : नमस्कार ताई. आधी इंडियाची गोष्ट. ती मुळात केरी या शेजारच्या काउंटीतल्या कहर्सिव्हीनच्या पोलीस बराकीबद्दल सांगतात, की हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या बराकीचे कागद आणि इथले कागद अदलाबदल झाले. ही लोककथा आहे. ती बराक एनॉक ट्रेव्हर ओवेन या डब्लिनच्या बोर्ड ऑफ वर्क्समधल्या (सरकारी बांधकाम खातं) आर्किटेक्टने काढली आणि आयर्लंडची बरीचशी कोस्टगार्ड स्टेशनंही त्याचीच, त्यामुळे बुरूजवाली कुठलीही इमारत दिसली की लोक तीच गोष्ट तिला चिकटवतात.

खरं कारण इथलंच आहे. फेब्रुवारी 1867 मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या फेनियन क्रांतिकारकांनी केरीतल्या केल्स इथल्या कोस्टगार्ड स्टेशनवर छापा घालून शस्त्रं नेली होती. अशा वातावरणात बांधलेल्या स्टेशनांना मग कोपऱ्यातून बाहेर आलेले छोटे बुरूज आले, कारण तिथून भिंतीच्या दोन्ही बाजूंवर आणि दारावर गोळी चालवता येते. तुम्ही म्हणताय त्या फटी म्हणजे जंग्या, आपल्या किल्ल्यांवर असतात त्याच. आतून रुंद आणि बाहेरून बोटभर. एकदा आतून हात फिरवून बघा, दगड तिरका कापलेला लागेल. कृपा करून त्या बुजवू नका, आतून छोटी काच लावा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, ते म्हणजे ही इमारत पहिल्या दिवसापासून घरच होती. 1822 मध्ये कोस्टगार्ड सुरू झालं ते मुख्यतः तस्करी पकडायला, आणि माणूस मुद्दाम त्याच्या गावापासून लांब पाठवायचे, म्हणजे ओळखीच्या तस्कराकडे काणाडोळा नको. आता असल्या माणसाला गावात भाड्याने खोली कोण देणार? म्हणून सरकारनेच घरं बांधली. एका ओळीत बोटमनची छोटी घरं, एका टोकाला चीफ ऑफिसरचं मोठं घर, कुठेतरी टेहळणीची खोली किंवा टॉवर, खाली बोटीची शेड, आणि मागे अंगण, धुणं धुवायची जागा, संडास, म्हणजे आपली चाळच म्हणा ना. तुमचं मधलं घर बोटमनचं असणार, खोल्या लहान आहेत त्या त्यामुळे. म्हणून सगळ्या भिंती पाडून एकच मोठा हॉल करायचा मोह होतो तो टाळा, या इमारतीची खरी ओळख त्या ओळीत आणि त्या मापात आहे. आणि एकाच घराला समोर मोठी काच लावली की सगळी ओळ बिघडते, काच हवीच असेल तर मागच्या बाजूला बघा.

1920 ते 1922 च्या धामधुमीत, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात आणि यादवीत, यातली कितीतरी स्टेशनं जाळली गेली. म्हणून सर्व्हेयरला विचारा, छप्पर, जिना, पाटण कधीचं आहे? भिंती मूळच्या आणि आतलं लाकूड नंतरचं असं बऱ्याचदा निघतं, आणि तसं असेल तर आत बदल करायला थोडी जास्त मोकळीक मिळू शकते.

आता ओल. सिमेंट अजिबात नको! जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती पाणी थोडं पिते आणि वाऱ्यावर परत सोडते, आणि सिमेंटने ती वाट बंद होते, मग पाणी आतल्या बाजूने बाहेर पडायला बघतं, मीठ वर येतं, लोणा लागतो, गिलावा पोपडे धरून पडतो. आधी पन्हळ, छपराच्या स्लेटा आणि चिमणीचा जोड बघा, निम्मी ओल तिथूनच येते. मग जुनं सिमेंट असेल तर सावकाश काढून दरजा चुन्याने भरायच्या. कॉर्ककडे पावसाच्या बाजूच्या भिंतीवर स्लेटा ठोकायची जुनी पद्धतही आहे, तुमच्या भिंतीवर असतील तर जपा. आतून इन्शुलेशन हवं तर वाफ जाऊ देणारं, लाकडी तंतूचं किंवा बुचाचा (कॉर्क लाकडाचा) चुरा मिसळलेल्या चुन्याचं. चिमण्या पूर्ण सीलबंद करू नका, हवा खेळती राहते.

आणि सही करायच्या आधी काउंटी कौन्सिलकडे बघा की इमारत प्रोटेक्टेड स्ट्रक्चरच्या, म्हणजे कायद्याने जपलेल्या इमारतींच्या, यादीत आहे का. राष्ट्रीय वारसा इन्व्हेंटरीमध्ये नाव असणं म्हणजे कायद्याचं संरक्षण नव्हे, दोन्ही वेगळं. यादीत असेल तर संरक्षण आतल्या भागालाही लागतं, मग कुठल्या कामाला परवानगी लागेल ते कौन्सिलकडून लेखी मागून घ्या.

प्रश्न : इंग्लंडमध्ये सेव्हन सिस्टर्स या समुद्रावरच्या पांढऱ्या कड्यांच्या फोटोत पुढे दिसणारी पांढरी घरं पण कोस्टगार्डचीच का? इतकी कड्याच्या टोकावर का बांधली?

उत्तर : हो, ती ससेक्समधल्या ककमिअर हेवनची कोस्टगार्ड कॉटेजेस. नदीचं ते मुख म्हणजे तस्करांची आवडती जागा, आजूबाजूला गाव नाही, त्यामुळे पहारा तिथेच ठेवायला लागला. पण खालचा कडा खडूचा आहे, लाटेने झिजतोच. सरकारी पैशाची खात्री नाही म्हणून राहणाऱ्यांनीच पैसे उभे करून खालची समुद्रभिंत राखायची धडपड चालवलीय आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं. घर घ्यायचा विचार असेल तर कड्याच्या झिजेचा रिपोर्ट आणि विमा मिळतो का, हे दोन्ही आधी बघा.

प्रश्न : अशा ओळीतली दोन घरं घेऊन मधून दार पाडलं तर चालेल का?

उत्तर : परवानगी मिळाली तर चालतं. दार एकच, अरुंद आणि चिमणीपासून लांब ठेवा, म्हणजे पुढे कधी परत दोन घरं करायची झाली तर ते बुजवता येईल. दोन्ही बाहेरची दारं मात्र जागेवरच राहू द्या, आतून एक वापरात नसलं तरी.