जास्त पॉवरचा झूम आयपीस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 8 इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे. आरसा 203 मिमी, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर) 1200 मिमी. सोबत आलेल्या 25 आणि 10 मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगांमधून) गुरूचे पट्टे दिसतात, पण बिंब फार लहान वाटतं. 3 ते 8 मिमीचा झूम (रिंग फिरवून फोकल लेंथ बदलणारा आयपीस) घेऊ, की 6, 5 आणि 4 मिमीचे तीन सुटे आयपीस? 3 मिमीला 400 पट पॉवर मिळते, म्हणजे वस्तू तितकी मोठी दिसते, असं दुकानात सांगितलं. (जुळे सोलापूर)

उत्तर : झूम घ्या, पण 400 पटींसाठी घेऊ नका. दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची, म्हणजे 1200 भागिले 3, बरोबर 400, हे गणित बरोबर आहे. पण इतकी पॉवर सोसेल अशी हवा क्वचितच मिळते आणि तेव्हाही तिचा उपयोग जोडतारे (अगदी जवळजवळ दिसणारे दोन तारे) किंवा चंद्रावरची विवरं पाहण्यापुरताच असतो. तुमचं रोजचं काम 150 ते 240 पटींत, म्हणजे 8 ते 5 मिमीमध्ये होईल. 4 मिमीचे 300 पट चांगल्या रात्रींसाठी ठेवा.

झूमची खरी गरज हवेमुळे पडते. आरसा कितीही चांगला असला तरी त्या रात्री किती पॉवर चालेल हे हवा ठरवते, आणि ती मिनिटामिनिटाला बदलते. 240 पटींना गुरूची कड उकळल्यासारखी हलायला लागली, तर रिंग 7 मिमीवर आणायची. दहा सेकंद हवा थांबली, की पुन्हा 5 मिमीवर. सुटे आयपीस असले तर दर वेळी स्क्रू सैल करणं, काढणं, दुसरा बसवणं, फोकस करणं आलं, आणि साध्या डॉब्सोनियनला ग्रहामागे दुर्बीण फिरवणारी मोटर नसते. 56 अंश फील्डचा (डोळ्याला दिसणाऱ्या क्षेत्राची रुंदी) झूम 300 पटींना वापरला तर आकाशाचा जेमतेम 11 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा दिसतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या वर्तुळाजवळचा) ग्रह तो तुकडा पाऊण मिनिटात ओलांडतो. आयपीस बदलेपर्यंत ग्रह गेलेला असतो आणि हवेचा तो शांत क्षणही.

वापरताना नेहमी 8 मिमीपासून सुरुवात करा. फोकस पक्का करा आणि एकेक टप्पा खाली या. बिंब मोठं होतंय पण नवं काहीच दिसत नाही, अशी जागा येईल. तिथून एक टप्पा मागे फिरा आणि तिथेच थांबून निदान पाच मिनिटं बघत राहा. ग्रहावरचा तपशील एका नजरेत दिसत नाही, हवा स्थिर होते त्या क्षणांमध्ये तो तुकड्यातुकड्याने दिसतो.

आणखी एक गोष्ट, जी आयपीसपेक्षा मोठी आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरातला सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. त्या गच्चीवरून 200 पटींना बघणं म्हणजे स्वतःच्याच घराच्या वाफेतून बघणं. शेजारचं पत्र्याचं छप्पर, एसीचं बाहेरचं युनिट यांच्या वरून जाणारी नजरही टाळा. अंगणातली माती, मैदान किंवा शेत कधीही चांगलं. गच्चीच वापरायची असेल तर पहाटे तीननंतर वापरा. दुर्बीण पाहण्याआधी तासभर बाहेर ठेवा. आरसा हवेपेक्षा गरम असेल तर नळीतच प्रवाह उठतात आणि दोष मात्र आयपीसला दिला जातो.

आपल्या बाजूने असलेली गोष्टही सांगतो. सोलापूर साधारण 17.7 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्यमार्गाच्या दक्षिण टोकाला असलेला ग्रहसुद्धा मध्यमंडल (उत्तर-दक्षिण, डोक्यावरून जाणारी आकाशातली रेषा) ओलांडताना क्षितिजापासून 48-49 अंशांवर असतो आणि उत्तर टोकाला असला तर जवळजवळ डोक्यावर येतो. लंडनमधून तोच दक्षिणेकडचा ग्रह 15 अंशांच्या आसपासच राहतो. म्हणून तिकडच्या निरीक्षकांनी घालून दिलेल्या पॉवरच्या मर्यादा इथे जशाच्या तशा धरू नका. ग्रह मध्यमंडलाच्या अलीकडे-पलीकडे दोन तास असताना बघा.

प्रश्न : दुर्बिणीला कोणता झूम जुळतो हे ठरवायचा सोपा हिशेब आहे का? (बार्शी)

उत्तर : आहे. दुर्बिणीचा एफ-आकडा काढा : फोकल लेंथ भागिले भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. तितक्याच मिलिमीटरच्या आयपीसला डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत, म्हणजे एक्झिट प्युपिल, 1 मिमीचा होतो. आकड्याच्या निम्म्या मिलिमीटरला तो 0.5 मिमी होतो आणि व्यवहारात ती शेवटची पायरी. त्याखाली चित्र अंधारं आणि मऊ होत जातं.

130 मिमी व्यास आणि 650 मिमी फोकल लेंथ असेल तर एफ 5. निम्मे अडीच. म्हणजे 3 ते 8 मिमीचा झूम पूर्ण वापरता येतो, 81 ते 217 पट. 70 मिमी व्यासाची, 700 मिमी फोकल लेंथची छोटी अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण एफ 10 ची. तिला 5 मिमीच्या खालचं काहीच उपयोगी नाही, झूमचा 3 ते 5 मिमीचा भाग फुकट जाईल. 127 मिमीची, 1500 मिमी फोकल लेंथची माक्सुतोव्ह (आखूड नळीत आरसा आणि भिंग दोन्ही असलेली दुर्बीण) जवळजवळ एफ 12 ची. तिच्या मालकाने 3 ते 8 चा विचार सोडावा आणि 8 ते 24 चा झूम घ्यावा, त्यात 62 ते 188 पट मिळतात. अशा झूममध्ये एक उणीव असते : 24 मिमीच्या टोकाला फील्ड साधारण 40 अंशांपर्यंत आकसतं आणि 8 मिमीला रुंद होतं. त्यामुळे वस्तू शोधायला एक साधा 25 किंवा 32 मिमीचा आयपीस जवळ ठेवावाच लागतो.

प्रश्न : टेलिव्ह्यू कंपनीचा 3 ते 6 मिमीचा नागलर झूम आणि स्वबोनी कंपनीचा एसव्ही 215 झूम, यांत फरक किती? (होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : नागलर झूमचं फील्ड 50 अंश, डोळ्याचं अंतर (भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो ते) 10 मिमी, आणि दोन्ही पूर्ण रेंजमध्ये सारखी राहतात. रिंग फिरवली तरी फोकस जागेवर असतो. एसव्ही 215 ची रेंज 3 ते 8 मिमी, फील्ड थोडं जास्त, डोळ्याचं अंतर जवळपास तेवढंच आणि किंमत कितीतरी कमी. त्यात टप्पा बदलल्यावर ताऱ्यावर बारीक फोकस पुन्हा करावा लागू शकतो. दोघांतही दर मिलिमीटरला खटका आहे. माझं मत विचाराल तर 8 इंचांपर्यंतच्या दुर्बिणीसाठी आधी एसव्ही 215 घ्या. 7 आणि 8 मिमीचे दोन टप्पे आपल्या हवेत सर्वांत जास्त वापरले जातात आणि नागलर झूममध्ये तेच नाहीत.

प्रश्न : 8 ते 24 चा झूम आहे. 2 पट बार्लो (पॉवर दुप्पट करणारं जोडभिंग) लावला तर 4 ते 12 होईल ना? (मोहोळ)

उत्तर : होईल, आणि पैसे वाचतील. मात्र बार्लो आणि झूम मिळून फोकसरवर (आयपीस बसतो त्या भागावर) उंच, जड मनोरा उभा राहतो. एकाच स्क्रूने धरलेला बार्लो किंचित तिरका बसतो आणि 250 पटींना तारा एका बाजूला पसरतो. आतून पितळी पट्टी आवळणारा बार्लो घ्या. डॉब्सोनियनचं तोंड वजनाने खाली झुकत असेल तर नळीच्या मागच्या बाजूला चुंबकाचं वजन लावा.

प्रश्न : माझ्या दुर्बिणीवर 127 मिमी आणि 1000 मिमी लिहिलंय. नळी मात्र जेमतेम अर्ध्या मीटरची. झूम चालेल? (अक्कलकोट)

उत्तर : घेऊ नका. न्यूटोनियन (साध्या आरशाच्या) दुर्बिणीची नळी साधारण तिच्या फोकल लेंथइतकी लांब असायला हवी. ती अर्धीच आहे म्हणजे फोकसरच्या नळीत एक जादा भिंग बसवलेलं आहे, आणि या प्रकारात आरसाही बहुधा गोलीय (प्रकाश नीट एका बिंदूत न आणणारा) असतो. 130 पटींच्या वर चित्र सुधारत नाही, फक्त फुगतं.

प्रश्न : नवा झूम आला की तपासायचं काय? 5 मिमीच्या खाली काळे ठिपके आणि दोरे दिसतात, ते कशाचे? चष्माही आहे. (पंढरपूर)

उत्तर : ठिपक्यांचं आधी. आयपीस होल्डरमध्येच हळूहळू फिरवा. ठिपका सोबत फिरला तर धूळ आयपीसमध्ये आहे. डोळा हलवल्यावर ठिपका मागून तरंगत आला तर तो तुमच्या डोळ्यातल्या द्रवातला आहे. एक्झिट प्युपिल बारीक झाला की असे दोरे बहुतेकांना दिसू लागतात, त्यासाठी झूम परत करू नका. चष्मा काढून बघा. जवळचा-दूरचा नंबर फोकसने भरून निघतो आणि इतक्या बारीक झोतात सिलिंडर नंबरही फारसा जाणवत नाही.

तपासणीसाठी डोक्यावर असलेला दुसऱ्या प्रतीचा (साधारण ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी) तारा घ्या. पुस्तकं ध्रुवतारा सुचवतात, पण इथे तो साडेसतरा अंशांवर, धुळीच्या थरात असतो. तारा मधोमध आणून फोकस थोडा आत आणि थोडा बाहेर करा. दोन्हीकडे ताऱ्याच्या फुगलेल्या चित्रातली कडी एकमध्य (एकाच केंद्राभोवती) दिसायला हवीत. ती एका बाजूला सरकलेली असतील तर आधी दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आणा, झूमचा निकाल त्यानंतर. मग 8 पासून 3 पर्यंत रिंग फिरवा. तारा केंद्रातून जरासा सरकला तर चालतं, फील्डच्या चौथाईइतका उडी मारत असेल तर आतला भिंगांचा गट सैल आहे. अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरी हा दुहेरी जोडतारा यासाठी उत्तम. त्याच्या दोन्ही जोड्यांतलं अंतर सव्वादोन विकलांच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आसपास आहे, आणि बऱ्या हवेत 8 इंची दुर्बिणीला 150 ते 200 पटींत चारही तारे सुटे दिसायला हवेत.

मागवण्याआधी फोकसरचं आतलं तोंड पट्टीने मोजा. 31.7 मिमी हवं. जुन्या छोट्या दुर्बिणींत ते 24.5 मिमी असतं आणि त्यात हा झूम बसतच नाही. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क कुरिअरवाला दारात मागू शकतो, ते किमतीत धरून ठेवा. खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा. आणि जून ते सप्टेंबर मागवू नका. ढगांत परत करण्याची मुदत निघून जाते आणि झूम तपासायचाच राहतो. दसऱ्यानंतर मागवा.