बंद खोलीतल्या पिसवा: आमच्या कारखान्याला लावलेलं कुलूप आम्हाला किती महाग पडलं

दादा, तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि माझ्या पोटऱ्यांना परत खाज सुटली. जुळे सोलापुरातलं तळमजल्याचं घर, आधीचे भाडेकरू मांजर घेऊन गेले, घर दोन महिने बंद, तुम्ही सामान टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गांधी. दोनदा फवारणी करूनही पंधरा दिवसांत परत तेच. घरमालक म्हणतो ढेकूण तुमच्याच गादीतून आले. घरात आठ महिन्यांचं बाळ. आणि शेवटी तुमचा प्रश्न, की आमच्याकडे जनावरच नाही तर पिसवा येतात कुठून?

जनावर नाही म्हणूनच तर तुमच्यावर येतात. मांजर होतं तोवर त्यांचं जेवण चालतं-फिरतं होतं. ते गेलं आणि तुम्ही आलात.

घरमालकाला एवढंच सांगा की ढेकूण उडी मारत नाही. पुढचं ओळखायचं वगैरे मी लिहीत बसत नाही, गुडघ्याच्या खालीच चावे आणि चिमटीत धरलं तरी न चिरडणारा तपकिरी ठिपका म्हटल्यावर दुसरं काही असत नाही. मी डॉक्टर नाही, पेस्ट कंट्रोलवालीही नाही. बँकेत नोकरी करते. पण तीन महिने पिसवांबरोबर संसार केलाय, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलते.

आमचं घर साखर पेठेत. मागच्या अंगाला सासऱ्यांचा कारखाना, म्हणजे चादरींचा. एकेकाळी आठ माग चालायचे. सात भंगारात गेले, एक मामंजींनी हट्टानं ठेवलाय. श्रावणात तिथं एक गावठी कुत्री व्यायली. मागाखाली वर्षानुवर्षांची रुई, सुताचा कचरा, कोपऱ्यात फाटक्या चादरींचा ढीग. याहून चांगली बाळंतिणीची खोली तिला कुठं मिळणार? पाच पिल्लं झाली. सासूबाई रोज भाकरीचा काला नेऊन घालायच्या.

गणपतीला नणंदा येणार होत्या, लहान मुलं बरोबर. पिल्लांच्या अंगावर काळं काहीतरी पळताना मी पाहिलं होतं. म्हणून मीच हुकूम सोडला, कुत्रीला हलवा. दोन पिल्लं ओळखीत दिली, बाकी तीन आणि त्यांच्या आईला कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रा टाकून जागा केली. कारखान्याचं दार ओढलं, कुलूप लावलं. आतला कचरा दिवाळीच्या साफसफाईत काढू म्हटलं. उपाशी राहून मरतील की आपोआप, असंही मीच म्हटलं. घरात सगळ्यांना पटलं.

पुढं जे झालं ते सगळं या एका कुलपामुळे.

खंडेनवमीला मामंजी मागाची पूजा करतात. माग बंद असला तरी पूजा चुकवत नाहीत. त्या दिवशी महिन्याभरानं कुलूप काढलं. मामंजी पुढं, पांढरं धोतर, हातात हळदीकुंकवाचं ताट, मागं आम्ही सगळे अनवाणी. त्यांनी मागाला गंध लावलं, झेंडूचा हार घातला आणि वाकून नमस्कार करताना मला त्यांचं धोतर दिसलं. खालच्या काठापासून गुडघ्यापर्यंत कुणी तीळ उधळल्यासारखं. आणि ते तीळ हलत होते. तेवढ्यात माझ्या भाचीनं किंचाळून उडी मारली. आम्ही ताट तिथंच टाकून घरात पळालो. ही दुसरी चूक, कारण पिसवा आमच्याबरोबरच आत आल्या. अंगणातच कपडे झटकून, पायांवर पाणी ओतून आत जायला हवं होतं. पण त्या वेळी कुणाला सुचतं?

नंतर वाचून, विचारून कळलं ते असं. पिसवेची मादी दिवसाला वीस-तीस, कधी पन्नास अंडी घालते. ती अंडी चिकट नसतात, जनावर जिथं झोपतं तिथं खाली गळतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेडाला भितात, भेगेत, धुळीत शिरतात आणि मोठ्या पिसवांची वाळलेली रक्ताची विष्ठा खाऊन वाढतात. मग कोष करतात. कोष चिकट असतो, त्याला आजूबाजूची धूळ, रुई अशी लपेटते की हातात घेतलं तरी कचराच वाटावा. आत पिसू तयार होऊन बसते, आणि बाहेर कुणी नसेल तर येतच नाही. आठवडे, कधी कधी महिने थांबते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातली हवा लागली की बाहेर. म्हणजे मी त्यांना उपाशी मारत नव्हते, दार लावून झोपवून ठेवत होते. तुमचं दोन महिने बंद असलेलं घर म्हणजे हेच.

आता औषध. फवारणीवाले जे मारतात त्यानं मोठ्या पिसवा मरतात, अळ्याही मरतात. कोषात औषध शिरत नाही. म्हणून फवारणीनंतर दहा-पंधरा दिवसांत नवीन पिसवा दिसणारच. औषध जमिनीवर टिकून असेल तर त्या बाहेर येऊन, औषधावरून चालून मरतात. टिकून असेल तर! आमच्याकडं काय झालं ऐका. पहिली फवारणी बुधवारी संध्याकाळी. आपल्याकडं पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, ते नेमकं गुरुवारी पहाटे आलं. सासूबाई चारला उठल्या, हौद भरले, पिंपं भरली आणि एवढं पाणी आलंय तर म्हणून कारखाना, अंगण, मागची खोली, सगळं खराट्यानं घासून धुतलं. वर फिनेल. साडेतीन हजार रुपयांचं औषध गटारात. मी उठले तेव्हा फरशी चकचकीत होती आणि त्या अभिमानानं चहा पीत होत्या. काय बोलणार? आयुष्यभर पाणी आलं की धुवायचं हेच केलंय बाईंनी. तुमच्याकडं दोन्ही फवारण्यांनंतर फरशी किती दिवसांनी पुसली, ते आधी घरात विचारा. मला वाटतं उत्तर तिथंच सापडेल.

मधल्या काळात एका कचेरीचे उंबरे झिजवले. नाव घेत नाही. पहिल्या खिडकीवर म्हणाले, कुत्र्यामुळं आहे ना, मग कुत्र्यांचा विभाग. तिथं म्हणाले, कुत्री कुठाय? हलवली? मग आमचा विषय संपला. तिसऱ्या ठिकाणी तक्रारीच्या अर्जावर डास होतं, उंदीर होतं, मोकाट जनावरं होतं, पिसवा नव्हत्या. साहेब म्हणाले, डासांवर खूण करा. मी केली. आठ दिवसांनी एक माणूस धुराचं मशीन घेऊन आला, गल्लीत आणि आमच्या अंगणात धूर सोडून गेला. धूर उडत्या डासांसाठी असतो. मागाखालच्या रुईतल्या अळीला त्यानं खोकलासुद्धा आला नसेल. आम्हाला मात्र आला. तीन अर्ध्या रजा गेल्या. तुमच्याकडं वेळ असेल तर जा, माझा सल्ला विचाराल तर जाऊ नका.

अखेर उपयोग कशाचा झाला ते सांगते. औषधाच्या आधी कचरा. मागाखालची रुई, चादरींचा ढीग, सगळं पोत्यांत भरून, तोंडं बांधून त्याच दिवशी बाहेर. वापरातल्या चादरी, पडदे कढत पाण्यात. नणंदेचा व्हॅक्यूम क्लीनर आणला, भेगा, कोपरे, भिंत आणि फरशी मिळते ती कड, दिवाणाच्या खालची जागा. आतला कचरा दर वेळी अंगणात पिशवीत रिकामा करून गाठ मारायची, नाहीतर मशीनच पिसवांचं घर होतं. व्हॅक्यूम नसेल तर झाडू, पण कचरा कोपऱ्यात गोळा करून ठेवायचा नाही.

मग फवारणी. माणसाला आधी विचारा की नुसतं मारणारं औषध आहे की वाढ रोखणारंही. पायरीप्रॉक्सीफेन किंवा मेथोप्रीन असं नाव सांगा. त्यानं अंडी-अळ्या पुढं पिसू होत नाहीत. माहीत नाही म्हणाला तर दुसरा बघा. औषध वाळेपर्यंत कुणी आत जायचं नाही, नंतर दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची. पुढं दोन-तीन आठवडे ओलं फडकं नाही. झाडू, व्हॅक्यूम चालेल, उलट रोज करायचंच. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात मारायचा.

आणि खोली वापरायची, बंद ठेवायची नाही. हे ऐकून लोक मला वेड्यात काढतात. फवारणीनंतर मी रोज सकाळी पांढरे लांब मोजे, त्यावर दुधाच्या पिशव्या रबरानं बांधून कारखान्यात दहा मिनिटं पाय आपटत फिरायची. उद्देश एकच, कोषातल्यांनी बाहेर यावं आणि औषधावर मरावं. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, सूनबाई, लेझीम बसवताय का?

मोजायला साधी युक्ती. रात्री परातीत पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, जमिनीलगत छोटा दिवा. साबणामुळं पिसू पाण्यावर तरंगत नाही, बुडते. यानं पिसवा संपत नाहीत, पण किती उरल्यात ते कळतं. आमच्या परातीत पहिल्या रात्री एकतीस होत्या. दुसऱ्या आठवड्यात बेचाळीस, तेव्हा घरात सगळे माझ्या अंगावर आले. मी म्हटलं थांबा. पाचव्या आठवड्यात दोन. मग नाहीच.

अंगणाचं थोडक्यात. उन्हात पिसू टिकत नाही, आपल्या सोलापूरच्या उन्हात तर नाहीच, अळ्यांना सावली आणि ओल लागते. म्हणून अंगणभर औषध शिंपडू नका. पाण्याच्या टाकीखाली, विटांच्या ढिगामागं, मोलकरणीनं जिथं पालापाचोळा लोटून ठेवलाय तिथं बघा. जिन्याखाली मांजरं झोपत असतील तर पहिली ती जागा साफ करा.

आता काही गोष्टी ज्यावर वाद घालायची माझी तयारी आहे. कृषी केंद्रातून शेतीचं औषध आणून घरात मारू नका. आमच्याकडं एक पाहुणे बाटली घेऊन आले होते, मी दारातूनच परत पाठवली, ते अजून बोलत नाहीत. रांगतं बाळ आहे तुमच्याकडं, ते फरशी चाटतं. जुनी माणसं पांढरी डीडीटी, गॅमेक्सिन पावडर सुचवतील, ऐकू नका. त्यातल्या गॅमेक्सिनवर, म्हणजे बीएचसीवर, आपल्याकडं १९९७ पासून बंदी आहे, ती उगीच नाही. कडुलिंबाचा धूर, कापूर, मीठ, चुना हे सगळं मी केलंय. घराला वास छान आला.

तुमचं जिन्याखालचं मांजर असेल आणि दया येऊन औषध लावावंसं वाटलं, तर कुत्र्याचं औषध मांजराला कधी लावू नका. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजर झटके येऊन मरतं. जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच. आमच्या त्या कुत्रीलाही शेवटी डॉक्टरांकडून गोळी दिली, पिल्लांना फणीनं विंचरून साबणाच्या पाण्यात पिसवा टाकल्या. हे हलवायच्या आधी केलं असतं आणि दहा-बारा दिवस त्यांना तिथंच राहू दिलं असतं, तर निम्म्या पिसवा त्यांच्याच अंगावर चढून मेल्या असत्या आणि आम्ही खंडेनवमीला धोतर झटकत पळालो नसतो. पिल्लांच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही दिसलं तर ते जंत, पिसू गिळल्यानं होतात. क्वचित लहान मुलांनाही होतात, म्हणून बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. ताप आला तरी थांबू नका.

एक अपवाद उंदरांचा. घरात उंदीर असतील तर पिसवांच्या आधी उंदीर मारू नका. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणूस शोधतात, आणि प्लेग पसरवणारी ती उंदरांवरचीच पिसू. घाबरवत नाही, तुमच्याकडची मांजराची दिसते. पण उंदीर आपोआप मरून पडताना दिसले तर मात्र त्याच कचेरीत जाऊन ओरडा, तिथं खिडकी कुठली ते विचारत बसू नका.

घर सोडू का असं विचारलंय. मी सोडणार नाही. सामानाबरोबर पिसवा नव्या घरात जातील आणि डिपॉझिटही अडकेल. वहिनींना आणि बाळाला महिनाभर माहेरी पाठवा, तुम्ही मात्र तिथंच राहा, घर परत बंद करू नका. आणि फवारणीवाल्याला फोन करायच्या आधी तुमच्याकडं पाणी कुठल्या दिवशी येतं ते बघा. पाणी येऊन गेलं, भरून झालं, की त्या संध्याकाळी बोलवा.