‘आधी वजन उतरवते, मग मनाचं बघू’

‘मॅडम, आधी वजन उतरवते, मग मनाचं बघू. चालेल ना?’ पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोनचा तोल बिघडून पाळी अनियमित होते आणि अनेकींचं वजनही वाढतं असा विकार) असलेल्या अनेक जणी मला हे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: नाही, मनाला थांबवून ठेवू नका.

एक 26 वर्षांची मुलगी (तपशील बदलले आहेत) झोप लागत नाही म्हणून आली. पाळी दोन-दोन महिने लांबायची, हनुवटीवर राठ केस यायचे. तिची सकाळ आरशासमोर चिमटा घेऊनच सुरू व्हायची. हळूहळू मैत्रिणींकडे जाणं सुटलं, फोटो काढून घेणं सुटलं. चार दिवस डाएट कडक पाळायची, पाचव्या रात्री पोट दुखेपर्यंत खायची आणि रडत बसायची. घरचे म्हणायचे, ‘जरा मनावर घे.’ तीही स्वतःला आळशी म्हणू लागली होती.

तो आळस नव्हताच. पीसीओएसमध्ये पुष्कळ जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग इन्सुलिन वाढतं, बीजकोशांतून अँड्रोजेन (‘पुरुषी’ म्हटलं जाणारं हार्मोन) जास्त तयार होतं आणि त्यातून केस, मुरुमं, लांबलेली पाळी. नैराश्य आणि चिंतेचं प्रमाणही या स्त्रियांमध्ये जास्त असतं, अगदी सडपातळ असणाऱ्यांमध्येसुद्धा. म्हणूनच 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की निदान झाल्यावर प्रत्येकीच्या मनाचीही तपासणी व्हावी. हिला इतक्या वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तपासणीत मध्यम स्वरूपाचं नैराश्य दिसलं. वजनकाटा आम्ही काही आठवडे बाजूला ठेवला. दिवसभर उपाशी राहणं थांबवून जेवणाच्या वेळा बांधल्या, कारण रात्रीच्या खाण्याचं मूळ त्या उपासमारीत होतं. केसांसाठी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या त्रासाला ‘नटण्याची हौस’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी काहींचा मूड बदलतो, म्हणून मनाची अवस्था स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगायला लावली. नैराश्यावरची औषधं तिला लागली नाहीत. काहींना लागतात आणि ती जरूर घ्यावीत. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तिचं वजन अजून फारसं हललेलं नाही. झोप लागते, रात्रीचं खाणं बरंच आटोक्यात आलंय. आता ‘मला मूल होईल का’ ही धास्ती डोकं वर काढतेय. उपचारांनी पुष्कळ जणींना दिवस राहतात, हे मी तिला सांगितलंय. बाकीचे प्रश्न ती डॉक्टरांना विचारण्यासाठी वहीत लिहून ठेवतेय.