यूथची उपासना वेगळी करायच्या आधी

सलाम बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी झालीस, छान वाटलं, आणि लगेच पहिला प्लॅन काय, तर यूथची उपासना वेगळी, गिटार, ड्रम, प्रोजेक्टर, आणि म्हाताऱ्यांनी त्यांची भजनं सकाळी आठला उरकून घ्यावीत. राग नाही आला गं, तुझ्या वयात मी पण पंचांसमोर हेच बोललो होतो.

पण एक सांगतो. मी बारा वर्षांचा असताना आमच्या मंडळीत पेटी वाजवणारे एक आजोबा होते, रिटायर्ड कंपाउंडर, त्यांनी मला शेजारी बसवून हातात टाळ दिले. मी हमखास पळायचो, ताल सोडून पुढे. त्यांचे दोन्ही हात पेटीवर, म्हणून ते समेवर गुडघ्यानेच माझ्या गुडघ्याला ठोका द्यायचे, बोलायचे काही नाहीत. पुढे नोकरीला पिंपरीत आलो, दोन वर्षं चर्चची पायरी चढलो नाही, आणि एका रविवारी रस्त्याने जाताना आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांचं एक भजन कानावर पडलं आणि गुडघा आपोआप हलला. आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. इतक्या यूथ कॅम्पची इतकी भाषणं ऐकली होती, त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

ना. वा. टिळक १९१९ साली गेले. आमच्या गायनाच्या पुस्तकात त्यांचे शब्द आहेत, स्वर लिहिलेले नाहीत, चाल सगळी म्हाताऱ्यांच्या गळ्यात. म्हणजे शंभर वर्षं कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी बसलं म्हणून ती तुझ्यापर्यंत आली. आणि टिळकांचं स्वतःचं घर बघ ना, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला सोळा-सतरा वर्षांचा ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरला त्यांच्याकडेच राहिला, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो ख्रिस्ती नव्हता, झालाही नाही. त्यांच्या घरी प्रोग्रॅम बिग्रॅम काही नव्हता, एका ताटात जेवणं होतं.

वेगळी मीटिंग वाईट असं नाही म्हणत मी. फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने १८८१ ला अमेरिकेत पोर्टलंडला तरुणांची एंडेवर सोसायटी काढली, पण त्यातल्या पोरांनी मोठ्यांच्या उपासनेलाही बसायचं हे सभासदांच्या शपथेतच होतं. आपण वेगळेपणा तेवढा उचलला.

आणि मोठ्यांचीही चूक आहे, ती मान्य. पोरांना बोलवायचं ते खुर्च्या उचलायला आणि नाताळात नाटक करायला, मग टाळ्या वाजवून घरी. तुम्ही खरं काम मागून घ्या. यंदा हंगामाच्या सणाला दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव पुकारायचं काम तू घे, आणि हिशोबाला शेजारी खजिनदार काकांना बसव. आमच्याकडे एक अंडं घेणारा परत दान करायचा, ते परत पुकारायचं, असं एकच अंडं पाच-सहा घरं फिरून यायचं आणि सगळी मंडळी हसायची. कोण किती ताणेल, कुणाला थांबवायचं, कुणाची परिस्थिती नाही, हे त्या काकांना माहीत असतं, तुला नसतं.

बाकी शनिवारी भजनाच्या प्रॅक्टिसला तुझ्या गिटारवाल्याला घेऊन जा. पेटीच्या शेजारीच बसव त्याला, आणि पेटीची पट्टी काळी दोन असते हे आधीच सांगून ठेव, कॅपो (गिटारचा स्वर चढवायची क्लिप) लागेल.

तुझा काका