'लाँचर' म्हणजे प्रक्षेपक नव्हे

पायथन या संगणकभाषेतील एका प्रकल्पाच्या मराठी माहितीपुस्तिकेत 'कमांड-लाइन लाँचर स्क्रिप्ट', म्हणजे टंकलेली आज्ञा येताच प्रोग्रॅम सुरू करणारी छोटी फाइल, यासाठी 'आज्ञारेषा प्रक्षेपक लिपी' असा शब्द योजला आहे, तो ग्राह्य धरावा काय, असा प्रश्न आला आहे. ग्राह्य धरू नये. लिपी देवनागरी असते, मोडी असते; प्रक्षेपक श्रीहरिकोट्याला शोभतो. स्क्रिप्टला स्क्रिप्टच म्हणावे, त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

'लाँचर'ची गोष्ट मात्र रंजक आहे. त्यामागचे इंग्रजी क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील भाल्याचा वाचक 'लांकेआ' हा शब्द आहे, म्हणजे मूळ अर्थ भाला फेकणे. 'प्रक्षेपक' घडवणाऱ्याने नकळत व्युत्पत्ती साधली आणि अर्थ हुकवला. याहून मौज भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचची आहे. होडी पाण्यात लोटतात म्हणून तिला लाँच म्हणतात, असे छातीठोकपणे सांगणारे भाषापंडित मला वारंवार भेटतात, आणि त्यांनी कोश उघडण्याचे कष्ट घेतलेले नसतात. हे नाव पोर्तुगीज 'लांचा'वरून आले आहे आणि त्याचा उगम मलय भाषेतील 'लांचार', म्हणजे चपळ, या शब्दात मानला जातो. भाल्याशी या नौकेचा संबंध नाही. दोन वेगळ्या कुळांतील शब्द इंग्रजीत येऊन एकसारखे दिसू लागले, इतकेच.

आता ही स्क्रिप्ट करते काय ते पाहू, कारण शब्द कामावरून ठरवावा. पायथन प्रोग्रॅमची चाचणी घेणाऱ्या पायटेस्ट या साधनाचे उदाहरण घ्या. त्याच्या पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, 'पायटेस्ट' ही आज्ञा आली की पायटेस्ट मॉड्यूलमधील 'कन्सोल_मेन' हे फंक्शन चालवावे, एवढाच करार नोंदवलेला असतो. पॅकेज बांधणारे साधन तो करार पॅकेजमध्ये उतरवते आणि पॅकेज संगणकावर बसवणारे पिप तो तिथून वाचून लिनक्सवर बिन फोल्डरमध्ये एक छोटी फाइल आणि विंडोजवर स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये एक्झी फाइल तयार करते. लिनक्सवरील फाइलच्या पहिल्या ओळीत ज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या ज्या मांडणीत, पायटेस्ट बसवले तिथल्या पायथनचा मार्ग असतो, पुढच्या ओळी फंक्शन आयात करून त्याला बोलावतात आणि त्याने परत दिलेले मूल्य बाहेर पडण्याचा संकेत म्हणून पुढे देतात. पूर्वी पायथनसोबत येणाऱ्या डिस्टयूटिल्स या पॅकेज बांधण्याच्या साधनाच्या जुन्या पद्धतीत लेखकाची स्वतःची फाइल पहिली ओळ बदलून जशीच्या तशी नकलली जाई. ते डिस्टयूटिल्स २०२३ च्या पायथन ३.१२ मधून काढून टाकले गेले. आजची फाइल कोणी हाताने लिहीत नाही, ती काही फेकतही नाही. ती फक्त हाक मारते.

म्हणूनच मी 'हाकारणे' या क्रियापदाचा आग्रह धरतो. प्राकृतातील 'हक्कार' म्हणजे हाक. आणि कोकणातील दर्यावर्दी शिडे उभारून गलबत 'हाकारतात', म्हणजे सफरीला काढतात. हाक मारणे आणि मार्गाला लावणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत, आणि ही फाइल नेमकी हीच दोन कामे करते. संस्कृतप्रेमी मंडळी 'आरंभक' सुचवतील. तो शब्द निर्दोष आहे आणि तितकाच निर्जीव आहे. 'हाकारा' म्हणजे शिकारीत रान उठवणाऱ्यांचा गलका, असा आक्षेप घेतला जाईल, पण तिथेही काम हाकेनेच जनावर जागचे हलवण्याचे असते, त्यामुळे तो आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो.

पुस्तिकेत 'हाकारा स्क्रिप्ट' लिहावे आणि तेवढे धाडस नसल्यास 'लाँचर स्क्रिप्ट' ठेवावे. मात्र कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हा करार ज्याखाली नोंदवतात ते 'प्रोजेक्ट डॉट स्क्रिप्ट्स' हे विभागाचे नाव उत्साहाच्या भरात मराठीत आणू नये. पॅकेज बांधणारे साधन ते ठरलेल्या इंग्रजी अक्षरांतच शोधते आणि न सापडल्यास आज्ञा तयारच होत नाही.