घराच्या प्लंबिंगसाठी तांब्याचा पाइप घ्यावा की प्लास्टिकचा?

प्लास्टिकचा. म्हणजे सीपीव्हीसी, गरम पाणी सोसणारा पीव्हीसीचा प्रकार. तुम्ही पुण्यात बांधताय, मी कोकणातली, लांज्याकडची. पण ‘तांब्याचं पाणी आरोग्याला चांगलं, मग पाइपही तांब्याचाच टाकावा का’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या माहेरी हार्डवेअरचं दुकान आहे. गंजून चोक झालेले जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप बघतच मी मोठी झाले. सासरी नवीन घर बांधायला काढलं तेव्हा मी सीपीव्हीसी म्हटलं. मोठे दीर आखातात नोकरीला, ते म्हणाले, तिकडे चांगल्या बंगल्यांत तांबंच असतं. वर ‘हिच्या वडिलांना माल खपवायचा असेल’ हेही सगळ्यांसमोर बोलून झालं. तांबंच आलं. गावातला प्लंबर त्याला हात लावेना, म्हणून फ्रिज-एसीचं काम करणाऱ्या मुलाकडून जोड मारून घेतले.

आमची विहीर जांभ्यातली. पाणी गोड, डाळ पटकन शिजते, पण किंचित आम्लधर्मी. असं पाणी तांबं खातं. बेसिनमध्ये नळाखाली निळसर हिरवी धार उमटली. घासायला मीच. घासली की चार दिवसांत परत. सकाळच्या पहिल्या पाण्याच्या चहाला धातूची चव. पुढे न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली. टाइल फोडली तर पाइपला टाचणीने टोचावं तसं भोक, भोवती हिरवी पूड. पाणी तपासून घेतलं, पीएच (आम्लतेचं माप, 7 च्या खाली आम्लधर्मी) 6 च्याही खाली. पिण्याच्या पाण्याला तो 6.5 ते 8.5 असावा लागतो. दीर अजून म्हणतात, जोड नीट मारले नव्हते. भोक जोडावर नव्हतंच, सरळ पाइपाच्या मध्यावर होतं!

आणि आरोग्याचं म्हणाल तर तांब्याच्या कळशीत पाणी रात्रभर राहतं, सकाळी आपण ती रिकामी करतो, चिंचेने घासतो. भिंतीतला पाइप कोण घासणार?

आता घरभर सीपीव्हीसी आहे. तो 93 अंशांपर्यंतच्या पाण्याला चालतो, साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. गरम लाइनला जाड भिंतीचा, एसडीआर 11 घ्या (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, आकडा लहान तितकी भिंत जाड). सॉल्व्हंट सिमेंट सीपीव्हीसीचंच हवं, उरलेला यूपीव्हीसीचा डबा प्लंबरला वापरू देऊ नका. आट्यांवर टेफ्लॉन टेप, सफेदा आणि धागा नको. तापल्यावर हा पाइप लांबतो: 3 मीटरच्या तुकड्याला 40 अंशांच्या फरकाने साधारण 8 मिलिमीटर. म्हणून क्लॅम्प करकचून आवळू नयेत. गच्चीवर उन्हात असेल तर पाण्यात कालवायचा रंग द्या, ऑइल पेंट नाही. गिझरला थेट जोडू नका, मध्ये धातूचा तुकडा हवा.

हे मात्र सांगायला हवं की महापालिकेचं पाणी असेल आणि पीएच ठीक असेल तर तांबं वर्षानुवर्षं टिकतं, उन्हाचीही त्याला भीती नाही. पण बोअरचं पाणी मिसळणार असाल तर आधी तपासून घ्या. आणि पाइप कुठलाही टाका, प्लॅस्टर करण्याआधी प्रेशर टेस्ट घ्या, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती बघा, भिंतीतल्या लाइनचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे फोटो नव्हते, त्यामुळे भोक सापडेपर्यंत अर्धी भिंत फुटली.