नव्या मोसमात बेसबॉल बघायला सुरुवात करताय?

स्वागत! सुरुवातीला बहुतेक जण एकच चूक करतात: अमेरिका, जपान, कोरिया, तैवान, सगळं एकदम बघायला जातात आणि मे उजाडेपर्यंत दमतात. एकच लीग घ्या, तिच्यातला एकच संघ. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 30 संघ, प्रत्येकाचे 162 सामने. जपानमध्ये 12 संघ, कोरियात 10. मला विचाराल तर कोरियापासून सुरुवात करा, संघ लवकर ओळखीचे होतात.

- एप्रिलच्या गुणतक्त्यावरून निष्कर्ष काढू नका.
- फक्त होमरनची (थेट कुंपणापार जाणाऱ्या फटक्याची) वाट बघू नका. पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटरची झुंज बघा. बॉल (टप्प्याबाहेरचा, बॅटरने सोडलेला चेंडू) किती, स्ट्राइक (बॅटरचा हुकलेला किंवा टप्प्यातला सोडलेला चेंडू) किती, यावर पुढचा चेंडू कसा येणार ते ठरतं. खरी गंमत तिथेच आहे!

किचकट आकडेवारी सध्या राहू द्या.